मागच्या फाटकावरचा नकाशा

यशोधराताई गेल्याचं कळलं तेव्हा मी नरखेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीत होतो. आंबिया बहाराची तोड चालू होती म्हणून गावी गेलो होतो, आणि पायांमध्ये धरलेल्या पिशवीतली निम्मी संत्री त्यांच्यासाठीच होती. काटोल मागे पडल्यावर मोबाईल वाजला. आमच्या समितीच्या ग्रुपवर प्रणालीचा निरोप होता... ‘ताई गेल्या. सकाळीच.’ मी फोन मांडीवर उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. शेजारच्या शेतकऱ्याला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. “काय झालं गा भाऊ? कोनी गेलं का?” “हाव,” मी म्हटलं. “जवळचं मानूस?” आता काय सांगणार? ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी विद्यापीठात नोकरीला लागायच्या आधीच त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे सहकारीही नव्हत्या. मैत्रीण म्हणावं, तर मिशा पिकलेला माझ्यासारखा माणूस भर एसटीत तसं म्हणायला धजत नाही. शेवटी जे खरं होतं तेच सांगितलं. “माझ्या कामावर लक्ष ठेवाले नेमलं होतं त्याईले.” “मंग मोठ्या साहेब होत्या,” तो म्हणाला. “हाव बाप्पा, मोठ्याच होत्या,” मी म्हटलं.

मी खोडे. उभी हयात पोलीस खात्यात गेली, शेवटची नेमणूक इतवारीत. हातगाड्या, टेम्पो, सराफाची दुकानं आणि त्या गर्दीत दुसऱ्याच्या खिशात फिरणारे हात, यांच्यामागे धावून गुडघे झिजले. निवृत्तीनंतर शहरातल्या एका विद्यापीठात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा मिळाली तेव्हा बायको म्हणाली, चला, आता झाडाखाली बसून राहा. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी रुजू होण्याच्या थोडं आधी तिथे एक प्रकरण होऊन गेलं होतं. एका मुलीचा ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत कुणीतरी रोज पाठलाग करत होतं. ती तक्रार घेऊन सुरक्षा कक्षात गेली, तर तिथल्या माणसाने तिला रस्ता बदलून बघायचा सल्ला दिला. पोरं चिडली, प्रशासकीय इमारतीसमोर ठिय्या देऊन बसली, आणि कुलगुरूंना एक समिती नेमावी लागली. सुरक्षा कक्ष काय करतो, काय करत नाही, याचा जाब विचारणारी समिती. तिच्यात शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी आणि विद्यापीठाच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या दोन बायासुद्धा होत्या. अध्यक्ष होत्या संख्याशास्त्र विभागाच्या निवृत्त प्रमुख, यशोधराताई.

पहिली बैठक एसी हॉलमध्ये झाली. समोर काजूची बशी होती. मी आधीच्या काही महिन्यांचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. प्रत्येक महिन्यापुढे एकच शब्द होता... निरंक. अहवाल माझ्या आधीच्यांचा होता, पण मी असतो तरी तोच शब्द लिहिला असता, कारण खात्यात आम्ही त्याच शब्दावर वाढलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईंनी चष्मा वर ढकलला. वर्गात त्या शुद्ध मराठीत शिकवत असतील, पण भांडताना आणि जीव लागल्यावर त्या अस्सल नागपुरीवर यायच्या. माझ्या वाट्याला आधी भांडणाची नागपुरी आली.

“खोडे साहेब, एवढं मोठं आवार, एवढी पोरं, एवढ्या गाड्या. आन् महिनाभर काहीच नाई झालं?”

“नाही मॅडम. निरंक.”

“मंग तुमाले कायले ठेवलं?”

हॉलमध्ये हशा पिकला. मी काजू तोंडात टाकून वेळ मारून नेली. त्याच बैठकीत त्यांनी आपला पहिला नियम सांगितला. यापुढे समिती हॉलमध्ये बसणार नाही. जिथे घटना घडली तिथे बसायचं, आणि ज्या वेळेला घडली त्याच वेळेला. मला वाटलं, बोलायच्या गोष्टी आहेत, कोण येणार? पण बाई बोलली ते करणारी होती. आमच्याकडे मोबाईल आणि गाड्या चोरीला जायच्या त्या भर दुपारी, सगळे पंख्याखाली आडवे झालेले असताना. तेव्हा मे महिन्यात दुपारी दोनला मुख्य दाराजवळच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून आमची बैठक बसली. अधिष्ठाता तोंडाला दुपट्टा गुंडाळून आले होते, आणि उन्हाची लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात कांदा होता. ताई मात्र ताठ बसून होत्या. अर्ध्या तासात अधिष्ठात्यांच्या तोंडून आपसूक निघालं, “इथं तर चिटपाखरू नाही हो!” ताई म्हणाल्या, “चोरालेबी तेच दिसते सर.” पार्किंगमध्ये दुपारचा माणूस पाहिजे, हे मी अर्जावर लिहून वर्षभर धाडलं असतं तरी कुणी वाचलं नसतं. त्या दुपारी तो ठराव कांद्याच्या वासात मंजूर झाला.

दुसरी गोष्ट नकाशाची. आवाराचा एक मोठा नकाशा त्यांनी पुठ्ठ्यावर काढून घेतला, आणि इतवारीतून टिकल्यांची पाकिटं आणली. हो, कपाळावर लावायच्या टिकल्या. चोरीसाठी लाल, पाठलाग किंवा छेडछाड असेल तर हिरवी. ज्या मुलीची तक्रार असेल तिने स्वतःच्या हाताने टिकली काढायची, जिथे घडलं तिथे चिकटवायची आणि शेजारी वेळ लिहायची. नाव सांगायचं तर सांगा, नसेल सांगायचं तर नका सांगू, टिकली मात्र लावा. वस्तीतल्या कुसुमबाई समितीवर होत्या. पोळ्या लाटून घर चालवणारी, तोंडाने फटकळ बाई. त्यांनी नकाशा पाहिला आणि हसत सुटल्या. “ह्या बाईनं त पुठ्ठ्याले नवरीवानी सजवलं!” पण ताईंचं बरोबर होतं. सुरक्षा कक्षात येऊन, वहीत नाव लिहून, माझ्या मिशांकडे बघत तक्रार करायला कोणती पोरगी धजेल? टिकली लावायला कुणाची भीती नसते.

तो नकाशा त्यांनी मागच्या फाटकावर टांगला, कारण त्या स्वतः संध्याकाळी तिथे बसायच्या. जरीपटक्यातल्या घरून स्कूटीवर यायच्या, फाटकाशेजारच्या सिमेंटच्या ओट्यावर टेकायच्या आणि उजेड असेपर्यंत बसून राहायच्या. समितीच्या कागदांत हे काम कुठेच नव्हतं. मी एकदा विचारलं, “मॅडम, इथंच काहून?” तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या याच वस्तीत वाढल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली नागपुरातच धम्मदीक्षा घेतली, आणि काही वर्षांनी मुलगी झाली तेव्हा तिचं नाव हौसेने यशोधरा ठेवलं. घर एका खोलीचं, माणसं खंडीभर. अभ्यासाला जागा नाही. तेव्हा इथे फाटक नव्हतं, भिंतीला भगदाड होतं. शाळकरी यशोधरा त्या भगदाडातून आत शिरायची आणि ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसून वाचायची. एका चौकीदाराने तिला पकडलं, काय वाचतेस विचारलं आणि सोडून दिलं. “त्यानं हाकललं असतं त मी आज तुमच्या डोक्यावर नसती बसली,” त्या म्हणाल्या. पुढे त्या तिथेच शिकल्या, तिथेच शिकवलं, आणि विभागप्रमुख झाल्यावर पाठपुरावा करकरून त्या भगदाडाचं फाटक करून घेतलं. आता वस्तीतल्या पोरी त्याच वाटेने अभ्यासिकेत येत. कुसुमबाईंची प्रणाली त्यातलीच एक. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची, रोज यायची.

हळूहळू नकाशा भरू लागला. मी घाबरलो. आमच्या खात्यात आकडा वाढला की साहेबाचा आवाज वाढतो. ताई मात्र खूश! “वाढल्या ना? वाढू द्या.” मी म्हटलं, “ताई, लोक म्हणतील खोड्यांच्या राज्यात गुन्हे वाढले.” बोलण्याच्या ओघात ‘मॅडम’चं ‘ताई’ कधी झालं ते मलाही कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “गुन्हे होतेच हो भाऊ. पयले पोरी बोलत नव्हत्या, आता बोलून राहिल्या. तुमाले कोनतं बरं वाटते?” मला त्यावेळी खरं तर पहिलंच बरं वाटत होतं. पण मी नकाशा बघायला शिकलो. मुख्य दाराच्या पार्किंगमागे टिकल्यांचा नुसता सडा पडला होता. ग्रंथालयामागच्या अंधाऱ्या बोळात काही, कँटीनच्या बाजूला एखाददुसरी. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला गुन्ह्याची जागा अशी डोळ्यांसमोर कुणी दाखवली नव्हती. आम्ही दिवे हलवले, माणसं हलवली, पार्किंगमागची झुडपं छाटली. काही महिने फार छान गेले. संध्याकाळी फेरी संपवून मी फाटकावर जायचो, कुणीतरी आलूबोंडे आणायचं, ताई मिरची बाजूला काढून माझ्या कागदावर ठेवायच्या, आणि आम्ही सरकारला, कुलसचिवांना आणि उन्हाला शिव्या देत बसायचो. आज विचाराल तर मला त्या दिवसांचीच जास्त आठवण येते.

मग व्हायचं ते झालं. एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने नकाशाचा फोटो काढला. लाल-हिरव्या टिकल्यांनी भरलेला पुठ्ठा आणि त्याच्यामागे फाटकाचे गज. खाली मथळा... विद्यापीठात गुन्हेगारीचा कहर. झालं! पालकांचे फोन सुरू झाले. फोटोत फाटक दिसत होतं, म्हणून जो तो म्हणायला लागला, ते मागचं फाटक, तिथूनच सगळं होतं, वस्तीतली पोरं तिथूनच शिरतात. टिकल्या कुठे लागल्या आहेत ते बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. नकाशा फाटकावर टांगला होता, म्हणून गुन्हेही फाटकावरच झाले! कुलसचिवांनी दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप ठोकायचा हुकूम काढला. कुलूप लावायचं काम अर्थातच माझं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ना, ते मी स्वतःच्या हाताने दिलं.

ताई त्या संध्याकाळी आल्या आणि कुलपाकडे बघत उभ्या राहिल्या. “माह्याच नकाशानं बंद केलं,” एवढंच म्हणाल्या. त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी मी पुटपुटलो, पण त्यांनी ऐकलंच नाही. फाटक बंद म्हणजे वस्तीतल्या पोरींना मोठ्या रस्त्याने वळसा घालून मुख्य दाराने यावं लागणार. ऑटोचा खर्च वेगळा, आणि घरचे म्हणणार, जाऊ दे, घरीच वाच. घरी कुठे वाचणार? आठवड्याभरात अभ्यासिकेतल्या त्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. प्रणालीही येईनाशी झाली. ताई कुलसचिवांकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी तोडगा सुचवला. दोन महिने नकाशा स्वच्छ ठेवा, पेपरवाल्यांना दाखवू, की मी स्वतः येऊन कुलूप काढतो.

मला तो तोडगा पटला, हे सांगायला हवं. “ताई, दोनच महिने. टिकल्या काढून ठेवू. फाटक उघडलं की पुन्हा लावू.” त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “टिकल्या ना तुमच्या, ना माह्या. ज्यायच्या आहेत त्यायले विचारू.” नियमाप्रमाणे बैठक जिथे घडलं तिथे, म्हणजे फाटकावरच ठेवली. पण फाटकाला तर कुलूप! मग काय, समिती आतल्या बाजूला सतरंजीवर बसली आणि वस्तीतल्या बाया गजांच्या पलीकडे रस्त्यावर. कुसुमबाई समितीच्या सदस्य असूनही त्या दिवशी बाहेरच बसल्या. चहाचे कप गजांमधून पलीकडे दिले. पोलीस कोठडीचे गज मी आयुष्यभर पाहिले, पण आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत हे कळेनासं झालं ते त्या एकाच दिवशी.

ताईंनी तोडगा जसाच्या तसा सांगितला. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. कुसुमबाई लगेच म्हणाल्या, “मंग काढून टाका ना टिकल्या! टिकल्याच त आहेत. माह्या पोरीचा अभ्यास बुडून राहिला. टिकलीपायी पोरगी घरी बसवाची का?” बाया माना डोलावू लागल्या. मीही आतून मान डोलावली. तेवढ्यात मागे उभी असलेली प्रणाली पुढे आली. “आई... त्यातली एक माही आहे.” कुसुमबाईंना कळलंच नाही. “काय माही?” “टिकली. हिरवी.” कुसुमबाईंचा चेहरा मी बघत होतो, नंतर बघवेना म्हणून खाली पाहिलं. “कवा?” त्यांनी विचारलं. “उन्हाळ्यात. पार्किंगच्या मागं. तुले सांगतलं असतं त तू येऊ नसतं देल्लं.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “इथं फाटकावर कोनी काही नाई केलं. इथून त आपलं घर दिसते.”

कुसुमबाई उठल्या. गजांना धरून उभ्या राहिल्या आणि ताईंना म्हणाल्या, “काढू नका बाई. एकबी टिकली काढू नका.” मग तिथेच रस्त्यावर बसून पदर तोंडाला लावून रडल्या. प्रणाली त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. आत आम्ही सगळे शिकलेले लोक चहाचे रिकामे कप हातात धरून बसलो होतो.

ताई मात्र नकाशाकडे बघत होत्या. प्रणालीचं वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं, हे मला नंतर कळलं. फाटकावर काहीच घडलं नव्हतं, तर नकाशा फाटकावर कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून शिडी मागवली आणि नकाशा उतरवून मुख्य दारावर, थेट कमानीखाली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल असा टांगला. कुलसचिवांना एक साधा अर्ज दिला. ज्या नियमाने मागचं फाटक बंद केलं, त्याच नियमाने आता मुख्य दार बंद करावं, कारण बहुतेक टिकल्या त्याच्याच आसपास आहेत, आणि नकाशाही आता तिथेच आहे. कुलसचिवांनी मला बोलावून घेतलं. “खोडे, या बाई थट्टा करताहेत का? मुख्य दार कसं बंद करणार? दीक्षान्त समारंभ आहे, राज्यपाल येणार!” मी सलाम ठोकून म्हटलं, “साहेब, हुकूम द्या, कुलूप तयार आहे.” ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग हसले. तो माणूस हसला म्हणून मी त्यांना कायमचं माफ केलं. त्याच संध्याकाळी मागच्या फाटकाचं कुलूप मी काढलं. कुसुमबाईंनी कपभर साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली, माझ्या तळहातावर जरा जास्तच. पार्किंगमागे जो पोरगा हिरव्या टिकल्यांना कारण होता, तोही पुढे सापडला. पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि त्यात मर्दुमकी काहीच नाही. टिकल्यांनी जागा आणि वेळ दोन्ही सांगितल्या होत्या, मला फक्त जाऊन उभं राहायचं होतं. फाटक उघडल्यावर नकाशा पुन्हा मागे नेला, ताईंच्या ओट्याजवळ. या खेपेला मात्र वर ठळक अक्षरांत लिहिलं... टिकली जिथे आहे तिथे बघा.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. एकदा ताई आमच्या गावी आल्या होत्या. बागेत बाजेवर बसून संत्री सोलत माझ्या बायकोला म्हणाल्या, “बाई, तुमच्या घरी एक नकाशा लावू का? ह्यायच्याबद्दल तक्रारी किती आहेत पाहू.” बायको म्हणाली, “पुठ्ठा पुरनार नाई ताई.” त्या दोघी हसत राहिल्या आणि मी मोटर सुरू करायच्या निमित्ताने विहिरीकडे निघून गेलो. प्रणाली परीक्षा पास झाली, तलाठी म्हणून लागली. पहिल्या पगाराची मिठाई तिने ओट्यावरच वाटली. तरीही ती दर शनिवारी फाटकावर यायची, ताईंशेजारी बसायला.

दिवाळीच्या आधी ताईंची तब्येत ढासळली. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा त्या जरीपटक्याच्या घरी खिडकीपाशी पलंगावर होत्या. खालच्या बाजारातला गलका वर येत होता. गाल आत गेले होते, पण चष्मा त्याच झटक्यात वर ढकलला. “नकाशा कसा आहे भाऊ?” मी त्यांना बरं वाटावं म्हणून उत्साहाने सांगितलं, “स्वच्छ आहे ताई. तुमचं फाटकावर येणं बंद झाल्यापासून एकही टिकली नाही.” त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधान वाटलं असेल. “एकबी नाई?” “नाही.” “मले नाई आवडलं हे...” त्या म्हणाल्या. खोकला आला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, “पोरी चूप झाल्या भाऊ. तुमी बसा तिथं.” “मी? ताई, मले पाहून पोरी बोलतीन का?” त्यावर त्या अगदी पूर्वीसारख्या हसल्या.

ताईंना आदरांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतल्या, वसतिगृहातल्या किती पोरी आल्या होत्या! पांढऱ्या कपड्यांत रांगेने बसल्या, वंदना म्हटली, रडल्या. पण नकाशा कोराच राहिला. त्या महिन्याचा अहवाल लिहायला बसलो आणि माझ्या हातून जुन्या सवयीने तोच शब्द उमटायला लागला. पेन खाली ठेवलं. मला भीती वाटली, खरंच वाटली. ताई गेल्या तर गेल्या, पण त्यांनी ज्यासाठी एवढं केलं, तेही असं न बोलता मिटून जाणार की काय? दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसू लागलो. पोरी यायच्या, ‘नमस्कार सर’ म्हणायच्या आणि पावलं उचलून निघून जायच्या. मी हसून बघायचो, तर आणखी घाईने जायच्या. शनिवारी प्रणाली आली, माझी दशा बघितली आणि म्हणाली, “काका, तुमी बघूच नका त्यायच्याकडे. ताई कुठं बघे?” खरंच की! ताई पोरी बोलत असताना कधी त्यांच्याकडे बघायच्या नाहीत. रस्त्याकडे बघायच्या, नाहीतर चष्मा पुसायच्या. पोलिसाला नेमकं उलटं शिकवलेलं असतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.

मग कुसुमबाईंनीच इलाज काढला. त्या तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन माझ्याशेजारी बसू लागल्या आणि निम्म्या शेंगा माझ्यापुढे ओतल्या. “सोला गा भाऊ, रिकामे काय बसता!” मी मान खाली घालून दाणे काढत राहिलो. बोटं हिरवी झाली, दाणे मापात कमी आणि जमिनीवर जास्त पडायचे, त्यावरून कुसुमबाई मला येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर रागवायच्या. पोरी ते ऐकून हसायला लागल्या. खोडे साहेबाला कुणी रागवतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मागच्या आठवड्यात एक पोरगी अशीच थांबली. नवीनच होती, मी तिला ओळखत नव्हतो. कुसुमबाईंच्या बाजूला टेकली, एक शेंग उचलून सोलू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “काका, एक सांगू का?” मी वर बघितलं नाही. “सांग वं.” “तुमचा तो फाटकावरचा गार्ड... तुमी यायच्या आधी आमी वस्तीतून आलो का आडनाव विचारते. बाकीच्यायले नाई विचारत. कालच्या दिवशी माह्या मैत्रिणीले वापस पाठवलं. ती आज आलीच नाई.” माझे हात थांबले. तो गार्ड माझा माणूस. इतवारीत माझ्या हाताखाली होता, मीच शब्द टाकून त्याला इथे आणला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पोरगी घाबरली असावी, कारण लगेच म्हणाली, “नाई लिहिलं तरी चालन.” कुसुमबाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं, अजून मान खालीच ठेवून, आणि तिच्यापुढे धरलं. तिने हिरवी टिकली निवडली आणि नकाशावर मागच्या फाटकावर लावली. इतक्या वर्षांत त्या जागेवर लागलेली ती पहिलीच.

येत्या गुरुवारी संध्याकाळी समितीची बैठक आहे. जिथे घडलं तिथे आणि ज्या वेळेला घडलं त्या वेळेला, म्हणजे फाटकावर, पोरी वस्तीतून यायच्या वेळेला. फाटक उघडंच राहील, असं मी कुलसचिवांना आधीच बजावून आलो आहे. या खेपेला बंद काही करायचंच असेल तर ते माझं सुरक्षा खातं आहे. गार्डला घेऊन मी समोर उभा राहणार, आणि अध्यक्षांच्या जागेवर बसून कुसुमबाई मला प्रश्न विचारणार. त्यांची जीभ मला ठाऊक आहे, गय करणार नाहीत. काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. पण ती पोरगी टिकली लावून अभ्यासिकेकडे वळली तेव्हा मला जे वाटलं, ते सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. माझ्याच माणसाविरुद्ध तक्रार आली होती आणि माझा ऊर भरून आला होता. शेंगांच्या टोपलीवर वाकून मी रडलो, कुसुमबाईंच्या देखत, आणि त्यांनी मला रडू दिलं.

पोरी बोलून राहिल्या, ताई.